जपानीत ‘मिस’ म्हणायचं असेल तर आधी ते मराठीत म्हणून पाहा

तुम्ही ओसाकाच्या ऑफिसातून पुण्याला परत आला आहात आणि तिथल्या साहेबांना नि सहकाऱ्यांना ‘आय मिस यू ऑल’ असं जपानीत लिहायचं आहे. शब्दकोशात क्रियापदांची रांग दिसल्यावर गोंधळ होणं साहजिक आहे.

आधी एक धोका सांगते. जपानीत ‘मिसु’ हा उसना शब्द आहे, पण त्याचा अर्थ चूक. ‘मिसु शिता’ म्हणजे ‘चूक केली’. माणसाची आठवण सांगायला तो चालत नाही.

आता ती रांग. गाडी चुकली तर ‘देन्शा नि नोरिओकुरेता’. शेवटची लोकल गेली की ‘शूदेन ओ नोगाशिता’. तासाला गेला नाहीत तर ‘यासुंदा’, आणि मुद्दाम दांडी मारली असेल तर ‘साबोत्ता’. पुस्तकातलं पान गळलं असेल तर ‘नुकेते इरु’. ‘मिओतोसु’ आणि ‘मिनोगासु’ मात्र नीट वेगळे ठेवा. मिओतोसु म्हणजे नजरेतून सुटणं. मिनोगासुचा तोही अर्थ होतो, पण दिसूनही कानाडोळा करणं असाही होतो. कामाच्या अहवालात ‘दोष लक्षात आला नाही’ लिहायचं असेल तर मिओतोसुच घ्या. मराठीतही आपण चुकणं, हुकणं, बुडवणं, सुटणं असे निरनिराळे शब्द वापरतो. म्हणून इंग्रजी बाजूला ठेवून वाक्य आधी मराठीत म्हणा, निम्मा गुंता तिथेच सुटतो.

राहिला निम्मा, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. इथे मराठीही फसवते. ‘आठवण येते’चं थेट ‘ओमोइदाशिमासु’ केलंत तर नुसतं ‘मला आठवतं’ एवढंच पोचतं. त्यात ओढ नाही, उलट मधे विसर पडला होता असाही सूर लागू शकतो. ओढ सांगायला जवळच्या माणसाला ‘आइताइ’ (भेटावंसं वाटतं) किंवा ‘इनाकुते साबिशी’ (तू नाहीस, करमत नाही) म्हणतात. दूर राहिलेल्या गावासाठी, आईच्या हातच्या जेवणासाठी ‘कोइशी’. सरलेल्या दिवसांसाठी ‘नात्सुकाशी’.

साहेबांना यातलं ‘आइताइ’ नको, फार सलगीचं होतं. ‘आनाता’ (तुम्ही) हेही नको, आडनावाला ‘सान’ किंवा त्यांचं पद लावा. सुरुवात ‘गोबुसाता शिते ओरिमासु’ने करा, म्हणजे बरेच दिवस खुशाली कळवली नाही याची नम्र कबुली. पुढे लिहा: ‘मिनासामा तो सुगोशिता हिबि ओ नात्सुकाशिकु ओमोइदाशिते ओरिमासु’, म्हणजे तुम्हा सगळ्यांबरोबर घालवलेले दिवस ओढीने आठवतात. इथे ओमोइदासु शोभतं, कारण आठवतात ते दिवस आणि ‘नात्सुकाशिकु’ ओढ आणतं. शेवटी ‘माता ओमे नि काकारेरु हि ओ तानोशिमि नि शिते ओरिमासु’, म्हणजे पुन्हा भेटीच्या दिवसाची वाट पाहतोय. तुमच्या ‘मिस यू’तली सगळी माया या दोन वाक्यांत येते, आणि जपानी माणसाला ती कळते.

बरोबरीच्या मित्रांना मात्र वेगळी मेल करा. तिथे ‘मिन्ना नि आइताइ’ खुशाल लिहा.