‘दोन कूरची मालिका’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: ॲनिमेविषयी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांविषयी, वाचताना ‘ही मालिका दोन कूरची आहे’ असं दिसतं. कूर म्हणजे सीझनच का? आणि मराठीत परिचय लिहिताना त्याला काय म्हणावं?

सीझन नव्हे. कूर हे जपानी वाहिन्यांच्या वेळापत्रकाचं माप आहे. वर्षाचे ५२ आठवडे, त्यांचे चार भाग, म्हणून एका कूरला १३ आठवडे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात नवा कूर लागतो. ॲनिमेचे त्यात १२-१३ भाग बसतात. माणसांनी काम केलेल्या मालिका, म्हणजे ‘दोरामा’, बऱ्याचदा १०-११ भागांतच आटोपतात. मार्च आणि सप्टेंबर संपता संपता वाहिन्या नेहमीचं वेळापत्रक बाजूला सारून लांबलचक विशेष भाग लावतात. व्हरायटी शोंची तेव्हा चंगळ असते.

सीझन मोजतो गोष्टीचा टप्पा, कूर मोजतो प्रक्षेपणाचा काळ. ‘डेथ नोट’ ऑक्टोबर २००६ ते जून २००७ असा ३७ भाग चालला. सीझन एकच, कूर तीन. ‘अटॅक ऑन टायटन’च्या तिसऱ्या सीझनचे १२ भाग जुलै २०१८ पासून दाखवले, मग मोठा खंड पडला आणि उरलेले १० एप्रिल २०१९ पासून आले. इथेही सीझन एक, पण कूर दोन. अशा तुटक प्रकाराला चाहते ‘स्प्लिट कूर’ म्हणतात. जपानची सार्वजनिक वाहिनी एनएचके, तिची सकाळची मालिका साधारण सहा महिने आणि रविवारची ऐतिहासिक ‘ताइगा’ वर्षभर चालते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कूरचा हिशोब कोणी फारसा करत नाही.

मूळ जपानी उच्चार ‘कूरु’. जपानीत ‘ल’ नसल्यामुळे इंग्रजी ‘कूल’ही अगदी तसाच लिहितात, कोणता शब्द आहे ते संदर्भावरून ओळखायचं. मराठीत ‘कूर’ लिहिलं की छपाईत चुकलेला ‘क्रूर’ वाटतो ही अडचण वेगळीच.

माझं मत: ‘तिमाही’ म्हणा. बँकांच्या निकालांमुळे शब्द सर्वांच्या तोंडी आहे आणि अर्थ तंतोतंत जुळतो. सीझनला ‘पर्व’ आपल्या वाहिन्यांनीच रुळवलं आहे. राहता राहिला ‘समर सीझन’, ‘विंटर सीझन’ मधला सीझन. तो गोष्टीचा नाही, कॅलेंडरचा. त्याला ‘हंगाम’ शोभतो. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन कामं लादली आहेत, म्हणूनच हा गोंधळ होतो. मराठीत पर्व आणि हंगाम आधीच वेगळे आहेत. फक्त ‘उन्हाळी हंगाम’ लिहू नका. तो जुलैत सुरू होतो, आणि जुलैत आपल्याकडे छत्री घेतल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. सरळ ‘जुलै हंगाम’ लिहा.

तेव्हा तुमचं वाक्य असं होईल: ‘पहिलं पर्व दोन तिमाहींचं, २४ भागांचं आहे.’ भागांचा आकडा मात्र मालिकेगणिक तपासून घ्या. दोन तिमाही म्हटल्या की २४ ते २६ भाग धरतात, पण वर दिलेलं ‘अटॅक ऑन टायटन’चं २२ (१२ + १०) भागांचं उदाहरण आहेच.