तुरटीच्या पाण्यानं धुपणी जाते का?

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय ३१. दोन लेकरं झाली, ऑपरेशनही झालं. मालक ट्रकवर आहेत. कापसाच्या गाठी घेऊन गेले की पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत. वर्षभरापासून धुपणी आहे, म्हणजे अंगावरून पिवळसर पाणी जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, तुरटीच्या पाण्यानं आतून धू. मेडिकलवरून तीनदा गोळ्या आणल्या. थोडं बरं वाटतं, मालक येऊन गेले की पुन्हा तेच. माझं वागणं सरळ आहे, मग मलाच का? नाव छापू नका.

उत्तर : ताई, 'मालक येऊन गेले की पुन्हा तेच' ही ओळ मी दोनदा वाचली. तुमचं वागणं सरळच आहे. पण संबंधातून पसरणारा आजार बाईची चालचलणूक पाहून येत नाही. पुरुषाला जंतू असूनही पुष्कळदा काहीच त्रास होत नसतो. त्यामुळे 'मला काही नाही' असं ते खरंच मानत असतील. गोळ्या एकटीनं खाल्ल्या की जंतू फिरून तुमच्याकडेच येतात.

ऑपरेशनआधी निरोध वापरत होतात का? बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, नसबंदी झाली की तो बंदच होतो. ऑपरेशननं फक्त दिवस राहणं थांबतं, जंतू थांबत नाहीत. तुरटीनं तर उलटंच होतं. योनीतले चांगले जंतू तिथला आंबटपणा राखतात, ते धुऊन निघतात आणि वाईटांना रान मोकळं.

प्रत्येक धुपणी संबंधातूनच येते असं नाही, म्हणून तर तपासायचं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम ८. लाजेपायी किती सोसायचं?

जिल्हा रुग्णालयात अशा आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट. एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) रक्ततपासणीही करून घ्या. विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. ताप येऊन पोट जास्त दुखलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मालकांवर आरोप करत बसू नका, भांडणात औषध राहून जातं. 'डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलंय' एवढंच म्हणा. दोघांचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत जवळ येऊ नका, पुढे निरोध वापरा.

आणि ती तुरटी मालकांच्या दाढीसाठी ठेवा.