गाण्याचं स्केल (स्वरपट्टी), टेम्पो (लय) आणि मूड सांगणारी ॲप्स इंग्लिश संगीतकार एल्गारच्या पहिल्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मार्चबद्दल वेगवेगळी उत्तरं देतात. मग त्याचं स्केल डी मेजर की जी मेजर? आणि टेम्पो?

मार्च डी मेजरमध्येच आहे. पण मधला संथ भाग, ज्याला ट्रिओ म्हणतात, तो आधी जी मेजरमध्ये येतो. तुमच्या ॲपने तो तुकडा जास्त ऐकला असेल तर ते जी मेजर सांगणारच. शेवटाकडे तीच धून पूर्ण वाद्यवृंदासह डी मेजरमध्ये परत येते, आणि माझ्या अंगावर दर वेळी तिथेच काटा येतो.

टेम्पोसाठी एका आकड्यावर विसंबू नका. सुरुवात जलद आणि तडफदार, ट्रिओ ऐसपैस. सरासरी काढली तर ती दोन्हींपैकी कशाचीच लय नसते. शिवाय ॲप कधी मुख्य ठोके मोजतं, कधी मधलेही, म्हणून एकीकडे मिनिटाला ६० ठोके तर दुसरीकडे १२०. हेडफोन लावा, पाय आपोआप जिथे पडतो तोच ठोका धरा, १५ सेकंदांत किती आले ते मोजा आणि चारने गुणा. दोन्ही भाग वेगळे मोजा.

ॲपमध्ये मूडचं लेबल ‘आनंदी’ दिसतं ते मेजर स्केलमुळे. मला ते फार अपुरं वाटतं. ट्रिओ पहिल्यांदा येतो तेव्हा व्हायोलिन खालच्या सुरांत, हळू वाजतात, सोबतीला हॉर्न हे पितळी वाद्य. तिथे जल्लोष नाही, धीरगंभीर आपुलकी आहे. आवाज वाढवून नेमकं तेवढंच एकदा ऐका.

रेकॉर्डिंग जुन्या तबकडीवरून घेतलं असेल तर स्केल अर्ध्या सुराने सरकलेलंही दिसेल. वेगात सुमारे ६ टक्के फरक त्याला पुरतो.