बारा, पारा, मारा

अपंगत्व असलेल्या मुलांच्या शाळेबद्दल या वेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण तसं पत्र मला वर्षानुवर्षं येत आलं आहे आणि दर वेळी ते लिहिणारी आई स्वतःलाच दोष देत असते.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. दोन्ही कानांना मशीन आहे. तिसरीपर्यंत छान चाललं होतं. यंदा गृहपाठ अर्धवट उतरवून आणते, तोंडी गणितं चुकतात, वर्गात काही विचारलं की नुसती हसते. बाई म्हणतात, "नावानं हाक मारली की लगेच बघते, म्हणजे ऐकू येतं तिला. लक्षच नसतं." पहिल्या बाकावर बसवलं आहे. घरी आली की मशीन काढून ठेवते आणि कोणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात विशेष शाळेत घाला. कोणी म्हणतं खुणांची भाषा शिकवा, कोणी म्हणतं खुणा शिकली की बोलणं जाईल. मी कुठे कमी पडते आहे?

उत्तर : तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. आणि मुलीचं लक्ष नसतं हे मला मुळीच पटत नाही. उलट वर्गात सगळ्यात जास्त लक्ष देऊन बसणारी तीच असेल.

हाक ऐकू येणं वेगळं आणि धडा ऐकू येणं वेगळं. हाकेत स्वर असतात, ते जाड आणि जोरकस. 'स', 'श', 'फ' हे ध्वनी मात्र बारीक, उंच पट्टीतले. 'स'चा जोर बहुतेक चार हजार हर्ट्‌झच्या वर असतो, आणि ऐकण्याची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांचं नेमकं तिथलंच ऐकणं जास्त कमी असतं. आता आपल्या मराठीत हा 'स' काय काय काम करतो ते बघा. "गृहपाठ केला" आणि "गृहपाठ केलास?" यात फरक एका 'स'चा. तो निसटला की वाक्य आपल्याला उद्देशून होतं हेच तिला कळत नाही. मग ती हसते. हसलं की कोणी रागवत नाही, हे ती केव्हाच शिकली आहे.

ओठ वाचून ती थोडं भरून काढत असणार. तुम्हीच आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता 'बारा', 'पारा', 'मारा' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखे हलतील. 'क', 'ग', 'ह' तर तोंडाच्या आत मागेच होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नसतो. मग ती अंदाज बांधते, आणि अंदाज फक्त ओळखीच्या शब्दांचा बांधता येतो. तिसरीपर्यंत चित्रं, वस्तू, रोजचे शब्द होते. चौथीत परिमिती आली, अपूर्णांक आले, बाईंचं बोलणं वाढलं आणि चित्रं कमी झाली. यंदाच का बिघडलं, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

एक माझी चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी खिडकीला पाठ करून शिकवायची. उजेड मागून येई, वारा लागे, मला बरं वाटे. मशीन लावणारा एक मुलगा तेव्हा डोळे बारीक करून माझ्याकडे बघायचा. मी त्याच्या आईला म्हटलं, डोळे तपासून घ्या. डोळे ठीक निघाले. मग एका दुपारी मी सहज त्याच्या बाकावर जाऊन बसले, आणि माझ्या जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाई मला नुसत्या काळ्या सावलीसारख्या दिसल्या. चेहराच नाही. तो पोरगा चार महिने त्या सावलीकडून मराठी शिकत होता. तेव्हापासून नवीन वर्गात गेले की मी आधी मुलाच्या जागेवर बसून बघते. तुमच्या मुलीच्या बाईंना एवढं एकच करायला सांगा. भांडू नका, विनंती करा. बाकीचं त्यांना तिथे बसल्यावर आपोआप दिसेल : फळ्याकडे तोंड करून बोललं की काय होतं, वह्या वाटताना दिलेली सूचना कशी हवेत जाते, मागच्या बाकावरून आलेलं उत्तर कसं कळतच नाही. ते उत्तर बाईंनी स्वतः पुन्हा म्हणावं. पान क्रमांक आणि गृहपाठ फळ्यावर लिहावा.

पहिला बाक मला तितकासा आवडत नाही. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि सगळा वर्ग पाठीमागे जातो. दुसऱ्या रांगेत, कडेला, जिथून बाईंचा चेहरा उजेडात दिसेल आणि थोडं वळलं की मुलंही दिसतील, अशी जागा मागा. पंखा किंवा दार जवळ नको. मशीन आवाज मोठा करतं, पण बाकांची खरखरही मोठी करतं. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, त्यामुळे बाई वर्गात मागे गेल्या की धडाही त्यांच्यासोबत जातो. यावर रिमोट मायक्रोफोन हा चांगला उपाय आहे. बाईंनी गळ्यात, हनुवटीच्या वीतभर खाली लावायचा, आवाज सरळ मशीनमध्ये जातो. तुमच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्यांना विचारा, तिच्या मशीनला तो जोडता येतो का.

रोज सकाळी निघण्यापूर्वी दोन मिनिटं काढा. डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी आहे : आ, ई, ऊ, म, श, स. तोंडासमोर कागद धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि मध्ये कमी-जास्त थांबत एकेक ध्वनी म्हणा. ऐकला तो तिनं परत म्हणायचा. रोज 'स' बरोबर म्हणणारी आज चुकली तर बॅटरी बघा, मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याची नळी बघा, सर्दी झाली आहे का बघा. मुलांचा कान वाढतो आणि साचा सैल होतो, मग मशीन शिट्टी मारतं. कधी कधी "लक्ष नसतं" याचं कारण एवढंच असतं.

घरी आल्यावर ती मशीन काढते, ते काढू द्या. पाच तास ती तुकडे जुळवून वाक्यं बनवत असते, थकते. अर्धा-पाऊण तास तिला शांततेत राहू द्या, चित्र काढू द्या, नंतर ती आपणहून लावेल. "लाव आधी" म्हणून मागे लागू नका.

आता खुणांचं. खुणा शिकली की बोलणं जाईल, ही भीती फार जुनी आहे. १८८० साली मिलानमध्ये बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांत तोंडी भाषाच शिकवावी असा ठराव झाला. पुढे कित्येक देशांतल्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. मधे १३० वर्षं गेली आणि किती पिढ्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले असतील, याचा विचार आला की मला आजही त्रास होतो. खुणांमुळे बोलणं जात नाही. तिला भाषा हवी आहे, ती कानानं येवो, डोळ्यानं येवो. शक्य असेल तर तुम्हीही सोबत शिका.

विशेष शाळा ही शिक्षा नाही. जिथे सगळेच हातांनी बोलतात तिथे काही मुलं पहिल्यांदा पोटभर गप्पा मारतात, हे मी पाहिलं आहे. पण शाळा बदलण्याआधी तीन महिने वर्गातल्या या गोष्टी बदलून बघा. आणि निर्णय घेताना गुणपत्रकापेक्षा एक गोष्ट बघा : मधल्या सुट्टीत ती कोणाशी बोलते? एक जरी मैत्रीण असेल, जिच्याशी ती भांडते, कट्टी-बट्टी करते, तर त्या शाळेत तिनं मूळ धरलं आहे.

प्रश्न : माझ्या सहावीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेला मुलगा आहे. हुशार आहे. पण एक ओळ लिहायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो आणि अक्षर मला लागत नाही. परीक्षेत जादा वेळ दिला तर दोन पालक तक्रार घेऊन आले, आमच्या मुलांवर अन्याय आहे म्हणाले. त्यांना काय सांगू?

उत्तर : सर, पालकांचं नंतर बघू. आधी बाकाखाली वाकून त्याचे पाय बघा. लोंबकळत आहेत का? पाय टेकलेले नसले की अंग सावरण्यातच सगळी ताकद जाते आणि हाताला स्थिरता मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पायांखाली आम्ही जाड पुस्तकांचा गठ्ठा दोरीनं बांधून ठेवला. त्याच दिवशी तिची अक्षरं रेघेवर आली असं म्हणणार नाही, पण रेघ सापडायला लागली. गुडघे काटकोनात, पाऊल पूर्ण टेकलेलं, बाक कोपराच्या उंचीला. कागदाचे कोपरे चिकटपट्टीनं बाकाला चिकटवा, म्हणजे दुसरा हात कागद धरण्यातून सुटेल. फळ्यावरून प्रश्न उतरवून घेणं त्याच्यापुरतं बंद करा, छापील कागद द्या. त्या उतरवण्यातून तो काही शिकत नाही, नुसता दमतो.

पालकांना एवढंच विचारा, इतिहासाच्या पेपरात आपण काय तपासतो? घाई केली, ताण आला की अशा मुलांचे स्नायू आणखी आखडतात, म्हणजे घड्याळ त्याला आणखी सावकाश करतं. जादा वेळात त्याला कोणी उत्तर सांगत नाही. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला, त्यात अशी वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. हे त्यांना सांगा, पण शांतपणे सांगा. ते दोघंही आपल्या मुलाच्या काळजीनंच आले होते.

जादा वेळ पुरेसाही नसतो हो. तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला की शेवटच्या तासात हात उचलत नाही. मधे विश्रांती द्या, काही उत्तरं तोंडी घ्या, टंकलेखन जमतं का बघा. लेखनिक देणार असाल तर वर्षभर आधीपासून सराव हवा. बोलून उत्तर सांगणं ही निराळीच कला आहे, परीक्षेच्या सकाळी ती येत नाही.

प्रश्न : मी बारा वर्षांचा आहे. माझा मित्र व्हीलचेअरवर असतो. पीटीच्या तासाला त्याला दप्तरं सांभाळायला वर्गात बसवतात. मला वाईट वाटतं. मी काय करू?

उत्तर : मित्रा, तू हे लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. पहिल्यांदा त्यालाच विचार, त्याला खेळायचं आहे का. हो म्हणाला तर दोघं मिळून सरांकडे जा आणि त्यांना बोचिया या खेळाबद्दल सांगा. १९८४ पासून तो पॅरालिंपिकमध्ये आहे. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. पांढरा टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. बसून खेळतात, त्यामुळे तुम्ही सगळे खुर्च्यांवर बसलात की झालं.

यात मला आवडणारा एक नियम सांगते. ज्यांना हातानं चेंडू टाकता येत नाही ते उतरत्या पन्हाळीवरून सोडतात, आणि पन्हाळ धरायला एक मदतनीस असतो. पण त्यानं मैदानाकडे पाठ करून बसायचं, खेळ बघायचाच नाही. कुठे वळवायची, किती उंच धरायची, ते खेळाडू सांगणार. तूही त्याची खुर्ची ढकलण्याआधी त्याला विचारत जा.

चेंडू नसले तर जुन्या मोज्यांत वाळू भरून घट्ट शिवा, प्रत्येकी पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. पांढरा चेंडू टाकून सुरुवात लाल बाजू करते. त्याला कुठला रंग हवा ते विचार.