तेरेखोलच्या दोन्ही काठांवर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मध्यंतरी आम्ही रेडीहून तेरेखोल किल्ल्यावर गेलो. वाटेत पूल लागला नाही, फेरीबोट लागली नाही, तरीही किल्ल्यापाशी पोहोचलो तेव्हा आम्ही गोव्यात होतो. तेरेखोल नदी ही दोन राज्यांची हद्द आहे असे शाळेत शिकलो होतो. मग नदीच्या उत्तरेकडचा हा किल्ला गोव्यात कसा?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपण शाळेत शिकलात ते बहुतांशी बरोबरच आहे. सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी वरच्या भागात बांद्याची नदी म्हणून ओळखली जाते. खाली उतरल्यावर तिला तेरेखोल हे नाव मिळते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तिच्या उत्तरेला सिंधुदुर्ग, तर दक्षिणेला गोव्यातील पेडणे तालुका असतो. अपवाद आहे तो थेट मुखाशी. तिथे उत्तर काठावर जो डोंगर समुद्रात घुसला आहे, तो आणि त्याच्या पायथ्याचे तेरेखोल हे छोटे गाव गोव्याकडे आहे. नदीतून बांद्याच्या जुन्या बाजारपेठेकडे जाणारे प्रत्येक गलबत या डोंगराखालून जात असे; त्यामुळे खाडीवर हुकमत हवी असणाऱ्याला ही जागा सोडून चालण्यासारखे नव्हते.

हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी बांधला. पोर्तुगीजांनी तो घेतला १७४६ मध्ये. ही मोहीम चालवणाऱ्या व्हाइसरॉयने त्याच वर्षी पेडण्यातील हळर्णचा (पोर्तुगीजांच्या तोंडी ‘आलोर्ना’) किल्लाही जिंकला आणि त्याबद्दल त्याला पुढे ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. मात्र संपूर्ण पेडणे प्रांत पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ मध्ये, म्हणजे तेरेखोल पडल्यानंतर ४२ वर्षांनी. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या ४२ वर्षांत आहे, असे मला वाटते. नदी ही सरहद्द ठरण्याच्या कितीतरी आधी तिचे मुख पोर्तुगीजांच्या हातात गेले होते. पुढे दक्षिण काठ मिळाल्यावरही त्यांनी उत्तरेचा हा किल्ला सोडला नाही, आणि पलीकडची रेडी मात्र त्यांच्याकडे राहिली नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९८७ मध्ये गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. या सगळ्यांत अठराव्या शतकातली ती रेषा तशीच पुढे चालत आली.

किल्ला आकाराने लहान आहे. जांभ्या दगडाची तटबंदी ओलांडून आत गेले की समोरच पांढरेशुभ्र सेंट अँथनीचे चर्च दिसते आणि आतल्या चौकाची बरीचशी जागा त्यानेच व्यापलेली असते. तटावरून दक्षिणेला केरीची पुळण व तिच्या काठचे सुरूचे बन, आणि खाली खाडीत फेरीबोट, असे दृश्य दिसते. परंतु केवळ छायाचित्रे काढून परतू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, आणि पुढच्याच वर्षीच्या सत्याग्रहात हिरवे गुरुजी व शेषनाथ वाडेकर यांना येथे हौतात्म्य आले. मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याच्या पुढे, पत्रादेवी येथेही त्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. गोव्याकडे धावणाऱ्या हजारो गाड्या त्याच्या बाजूने न थांबता निघून जातात, याचे वाईट वाटते.

प्रश्न : वेंगुर्ल्याला मुक्काम करून, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना घेऊन, सरहद्दीपर्यंतचा किनारा सावकाश पाहायचा आहे. काय पाहावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वेंगुर्ल्यातच सुरुवात करावी. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, ती व्यापारासाठी तर होतीच, पण गोव्याच्या पोर्तुगीजांना समुद्रावर वेढून धरण्यासाठीही तिचा उपयोग झाला. आज तिचे भग्न अवशेषच उरले आहेत. तिथून दक्षिणेला निघाल्यावर आरवलीला वेतोबाचे मंदिर आहे. गावाची राखण करणारा हा देव रात्री हद्दीवरून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भाविक नवसाला चामड्याच्या मोठाल्या वहाणा आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. देवासमोर ठेवलेल्या त्या वहाणा मुलांना जरूर दाखवाव्यात. त्यांच्या मनात त्या कायम राहतील.

आरवलीला लागूनच शिरोडे आहे. येथील मिठागरे पाहायची असतील तर उन्हाळ्यात यावे. भरतीचे पाणी आत घेऊन उथळ, चौकोनी वाफ्यांमध्ये खेळवतात, ऊन त्याला आटवते आणि तळाशी धरलेले मीठ फळीने ओढून काठावर त्याचे ढीग रचले जातात. पावसाची चाहूल लागली की काम थांबते. मे १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही याच आगरांत उतरले होते. दांडीचे नाव सर्वांना ठाऊक असते, शिरोड्याचे मात्र आपल्याच मुलांना सांगावे लागते.

रेडीला यशवंतगड आहे. झाडांच्या मुळ्यांनी त्याच्या भिंती जागोजागी पकडून ठेवल्या आहेत, तेव्हा वडीलधाऱ्यांनी बेताबेताने चालावे. १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्तीही रेडीतच आहे. येथून तेरेखोलला जमिनीवरूनच जाता येते, आणि फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरता येते. फेरीबोट भरती-ओहोटीवर अवलंबून असल्याने त्या दिवसाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. खाडीच्या बरेच आत आरोंदा-किरणपाणी पूलही आहे. बोट हुकली तर तो रस्ता धरावा. हिवाळ्यात जत्रांचे दिवस असतील, तर एखाद्या रात्री दशावतार पाहण्याची संधी सोडू नये. सिंधुदुर्गातील माणसे जितक्या आवडीने तो पाहतात, तितक्याच आवडीने पेडण्यातीलही पाहतात.

प्रश्न : परत येताना गोव्यातून दारूची एखादी बाटली आणली तर चालते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परवान्याशिवाय चालत नाही. गोव्यातच विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बांद्याच्या बाजूला वाहनांची तपासणी होते. त्याऐवजी सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा मोसमात वेंगुर्ल्याचे काजू घ्यावेत.