बी.एड. बेळगावात की कोल्हापुरात?

पदवीचे निकाल लागले की सीमाभागातले पालक हा प्रश्न घेऊन येतात. खानापूर तालुक्यातली एक बी.एस्सी. झालेली मुलगी आईबरोबर आली होती (तपशील बदलले आहेत). आईच बोलत होती. "पोर हुशार हाय मॅडम, पण कन्नड म्हटलं की गप्प होतंय. कोल्हापूरलाच धाडू काय?"

मुलीला विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवायचंय? ती लगेच म्हणाली, तिसरी-चौथीला. संध्याकाळी गल्लीतली तेवढीच मुलं तिच्याकडे शिकायला येतात.

मग गाव कुठलं, हा वाद नंतरचा. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा लागतो. बी.एड. सहावीपासून पुढे. हे ऐकून आईचा चेहरा पडला. पदवीनंतर पुन्हा डिप्लोमा म्हणजे खाली उतरल्यागत वाटतं. घरात मान पदवीला असतो, हे मी रोज बघते.

मुलीला म्हटलं, ठरवण्याआधी सातवीचा विज्ञानाचा तास मागे बसून बघ. ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून ती बसलीही.

कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा इमारतीवर भाळू नका. एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का ते आधी बघा. दोन वर्षांत 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. त्या शाळा कुठल्या, मराठी माध्यमाची एखादी मिळेल का, पाठ झाल्यावर चुका सांगायला प्राध्यापक वर्गात बसतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनाच विचारा. त्या खरं सांगतात.

मान्यताप्राप्त बी.एड. दोन्ही राज्यांत चालतं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र द्यावी लागते; ज्या राज्यात नोकरी हवी तिथे कोणती चालते ते आधी विचारा. पास व्हायला 150 पैकी 90 गुण, राखीव गटांना सवलत. कन्नडचं म्हणाल तर कर्नाटकातल्या सरकारी शाळेत हजेरीपासून परिपत्रकापर्यंत त्याच्याशी गाठ पडणारच. कोल्हापूरला शिकून ती भीती जात नाही, फक्त दोन वर्षं पुढे ढकलली जाते.

सातवीच्या पोरांनी तिला बाष्पीभवनावरून असं काही छळलं, की ती हसतच परत आली. आता बेळगावातच बी.एड. करायचं ठरवलंय, शेजारच्या अक्कांकडे कन्नड लिहायलाही बसते. महाराष्ट्राची सीईटी, म्हणजे तिथली बी.एड.ची प्रवेश परीक्षापण देणार आहे. आईचा तेवढा हट्ट मोडायला मी गेले नाही.