सिम्युलेशनमधील कोल्हे प्रत्येक वेळी सगळे ससे का संपवतात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: गवत, ससे, उंदीर आणि कोल्हे यांचे चौकटींच्या जाळीवर चालणारे संगणकीय सिम्युलेशन (प्रतिरूप) आपण लिहिले, त्यात एक तर कोल्हे दोन्ही भक्ष्ये संपवून स्वतः उपासमारीने मरतात, नाहीतर कोल्हे आधी संपतात आणि मग उंदीर सशांना हटवतात. गवत वाढवले तर सगळे आणखी लवकर कोसळते, आणि कोल्ह्यांना आवर घालण्यासाठी सर्व प्राण्यांना सारखीच लागणारी रोगाची साथ घातली तर उलट ससेच वाढतात. जन्मदर, वेग आणि भूक यांचे कोणते आकडे ठेवावेत, असे आपण विचारले आहे.

नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला हेच चित्र वारंवार दिसते, आणि माझे मत असे की आकडे बदलत बसण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या जगात सशाला लपायला जागा नाही आणि सशाच्या व उंदराच्या गरजांत भेद नाही. अशा जगात चारही प्रजाती टिकल्या असत्या तरच आश्चर्य वाटले असते.

मॉस्कोचे जीवशास्त्रज्ञ जी. एफ. गाउसे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. परीक्षानळीत पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम हे एकपेशीय जीव एकत्र सोडल्यावर डिडिनियमने सगळे भक्ष्य फस्त केले आणि मग तोही उपाशी मेला. म्हणजे आपल्या सिम्युलेशनचा ग्राफ काचेच्या नळीत नव्वद वर्षांपूर्वीच उमटला होता. नळीच्या तळाशी गाळ ठेवल्यावर काही पॅरामेशियम त्यात लपून वाचले, पण या वेळी डिडिनियमच उपासमारीने संपला. ठरावीक काळाने दोन्ही जीव बाहेरून थोडे थोडे आणून सोडले, तेव्हाच संख्येची चढउतार चालू राहिली. पुढे १९५८ साली कॅलिफोर्नियात कार्ल हफेकर यांनी संत्र्यांवर वाढणारे अतिशय बारीक कोळी (माइट) आणि त्यांना खाणारे भक्षक कोळी घेऊन मोठी मांडणी केली. संत्र्यांच्या मध्ये व्हॅसलिनचे अडथळे ठेवले आणि भक्ष्य कोळ्यांना धाग्याच्या आधाराने हवेतून पसरता यावे म्हणून लाकडी काड्या उभ्या केल्या. एका संत्र्यावर भक्ष्य संपत असताना दुसऱ्यावर ते नव्याने वसत होते, आणि अशी तीन आवर्तने मिळाली. दोन्ही प्रयोगांत प्राण्यांचा जन्मदर किंवा भूक कोणी बदलली नव्हती. बदलली ती जागा.

म्हणून आपण आधी जाळी मोठी करावी, काही चौकटींत कोल्ह्यांना शिरता येणार नाही असे झुडूप ठेवावे आणि कोल्ह्याची नजर जवळच्या थोड्या चौकटींपुरतीच ठेवावी. लहान जाळीत मोजकेच कोल्हे असतात आणि ते निव्वळ योगायोगानेही संपू शकतात. एक सल्ला आपल्याला बहुधा मिळाला असेल, की पोट भरल्यावर कोल्ह्याने शिकार थांबवावी. हे वास्तवाला धरून आहे, पण त्याने स्थैर्य येत नाही, उलट कमी होते. ससे भरमसाट वाढतात तेव्हा प्रत्येक कोल्हा त्यांतला लहान वाटाच खाऊ शकतो, त्यामुळे ससे हाताबाहेर जातात आणि नंतर कोल्ह्यांची फौज उभी राहते. भक्ष्य विरळ झाल्यावर शिकार प्रमाणाबाहेर अवघड होणे, हे खरे स्थैर्य देणारे आहे. कोल्ह्याने अशा वेळी दुसऱ्या भक्ष्याकडे वळावे, किंवा उरलेल्या सशांना झुडूप पुरावे.

गवत वाढवल्यावर कोसळणे लवकर का होते, याचे उत्तर मायकेल रोझेनझ्वाइग यांनी १९७१ साली गणिताने दिले. गवताची मर्यादा सैल केली की जादा अन्नाचा लाभ शेवटी कोल्ह्यांना मिळतो, चढउतारांची उंची वाढत जाते आणि प्रत्येक उतारात प्रजाती शून्याच्या अधिक जवळ जाते. गवत कमी करणे हा उलटा वाटणारा उपाय म्हणूनच चालतो. त्याबरोबर एक हिशेबही तपासावा: खाल्लेल्या सशाच्या ऊर्जेतून कोल्ह्याचे नवे शरीर किती बनते? अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा भागच जातो, असे ढोबळपणे धरतात, आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांत तर बरीचशी ऊर्जा शरीर गरम ठेवण्यातच खर्च होते. एका सशामागे एक पिल्लू असा नियम लिहिला असेल, तर कोल्ह्यांची गर्दी तिथूनच येत आहे.

रोगाच्या साथीने ससे वाढणे हा तर आपल्या सिम्युलेशनचा सगळ्यात चांगला निकाल आहे. तो काढून टाकू नका. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढल्याचे उंबेर्तो द'अँकोना यांना दिसले होते. त्याचा उलगडा करताना गणितज्ञ वितो वोल्तेरा यांनी १९२६ साली दाखवले की भक्ष्य आणि भक्षक या दोघांनाही सारखेच मारले, तर भक्ष्याची सरासरी वाढते आणि भक्षकाची घटते. आमच्या निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट समीकरणाशिवाय ठाऊक असते. मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, सरसकट विषारी फवारणी केली की त्याला खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरेही मरतात आणि काही काळाने ढेकूण पुन्हा उसळी घेतो. ढेकूण मेणचट आवरणाखाली आणि खोडाच्या सालीखाली काही प्रमाणात सुरक्षित असतो, हे त्यात आणखी भर घालते.

आता ससे आणि उंदीर. दोघे एकाच गवतावर जगत असतील आणि बाकी सगळे सारखे असेल, तर ज्याला कमी गवतात तग धरता येतो तोच शेवटी उरतो. त्यांना वेगळे काहीतरी कमी पडू द्यावे: सशाला कोवळे गवत, उंदराला बी, किंवा सशाला उघडी जमीन आणि उंदराला बांध. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलात तर हे डोळ्यांनी दिसते. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने पृष्ठभागाजवळचे पाणी गाळतो, तलवार बदक शेपटी वर करून उथळ तळाशी चरतो आणि लालसरी बुडी मारून खोल जाते. जलाशय एकच, पण प्रत्येकाचे अन्न मिळवण्याचे ठिकाण निराळे.

मात्र अन्न वेगळे केल्यावरही ससे नाहीसे होऊ शकतात, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उंदरांवर पोसलेले कोल्हे सशांनाही मारत राहतात, त्यामुळे दोघांची अन्नावरून स्पर्धा नसतानाही स्पर्धा असल्यासारखाच परिणाम दिसतो. रॉबर्ट होल्ट यांनी १९७७ साली याची मांडणी केली. याच्या नेमके उलटही घडते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील खडकांवरून रॉबर्ट पेन यांनी भक्षक तारामासे हटवले, तेव्हा शिंपल्यांनी जागा व्यापली आणि प्रजातींची संख्या १५ वरून ८ वर आली. कोल्ह्याने स्पर्धेत वरचढ ठरणाऱ्या उंदराला अधिक पसंती दिली, तर तोच कोल्हा सशाचा तारणहार ठरतो.

यांपैकी काहीही करण्यापूर्वी एक तांत्रिक तपासणी करा. सगळे कोल्हे सगळ्या सशांच्या नंतरच हलत असतील, तर क्रम प्रत्येक फेरीत यादृच्छिक (रँडम) करा. समीकरणे वापरून ऑइलरच्या साध्या पद्धतीने, म्हणजे आताच्या बदलाच्या दरावरून पुढच्या टप्प्याची संख्या काढत, पुढे जात असाल, तर काळाचा टप्पा निम्मा करून पाहा, कारण ती पद्धत लोट्का-वोल्तेरा समीकरणांतील, म्हणजे भक्ष्य-भक्षकांच्या संख्येच्या मूळ समीकरणांतील, आवर्तने स्वतःच फुगवत नेते आणि आपण त्याला परिसंस्थेचा गुण समजून बसतो.

नंतर उंदीर बाजूला ठेवून गवत, ससे आणि कोल्हे एवढेच चालवा. सरळ रेषेची अपेक्षा धरू नका. कॅनडातील ससे आणि त्यांना खाणारे लिंक्स हे रानमांजर यांची संख्यादेखील साधारण दहा वर्षांच्या आवर्तनात वरखाली होते. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांवर (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा बदलून) तिन्ही प्रजाती टिकू लागल्या की स्थिरावलेल्या जगात थोडेच उंदीर सोडा आणि ते वाढतात का पाहा. मग उलट करा: उंदीर व कोल्हे स्थिरावलेले असताना थोडे ससे सोडा. विरळ असताना दोघेही वाढू शकले, तर चारही प्रजाती एकत्र टिकण्याची शक्यता चांगली आहे. एकच वाढला, तर दुसऱ्याला कमी पडणारी वस्तू किंवा त्याचा आसरा अजून पुरेसा वेगळा झालेला नाही.